गुंडीचं फाटक

वऱ्हाड फाटकावर अडकलंय आणि अडकवणारा आमचाच गुंडी आहे, ही बातमी थोरल्याने आणली तेव्हा मी शिवणघरात नातीच्या लग्नाच्या कपड्यांना शेवटचे टाके घालत होते. थोरला दारातूनच ओरडला, "आई, तुझ्या लाडक्या नातवाने नाक कापलं माझं!"

"आहे तिथेच आहे ते, चांगलं हातभर," मी म्हटलं. "धापा टाकणं थांबव आणि काय झालं ते धड सांग."

झालं होतं ते असं. सीमेवरचं आमचं फाटक आठवड्यातून एकदाच उघडतं, सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं. नवरदेव पलीकडच्या देशातला. आज वऱ्हाडाने यायचं, दुपारी लग्न लावायचं आणि फाटक मिटायच्या आत नवरी घेऊन परत जायचं असं ठरलेलं. गुंडी म्हणजे नवरीचा थोरला भाऊ, आणि त्या फाटकावरचा फौजेचा अधिकारी. लहानपणी त्याने माझ्या डब्यातली एक गुंडी गिळली होती, तेव्हापासून घरात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. तर हा गुंडी म्हणत होता, सगळी गाठोडी उघडून बघणार. आणि गाठोडी उघडत नव्हती.

ती का उघडत नव्हती ते मला लगेच कळलं, आणि खरं सांगायचं तर मनातून गुदगुल्याच झाल्या. आम्ही तंबू शिवणारी माणसं. साखरपुड्याला विहीणबाई आल्या तेव्हा मी त्यांना आमच्या तंबूच्या कापडाच्या खोळी दिल्या होत्या आणि आमचा टाका शिकवला होता. आमच्या टाक्याला प्रत्येक वेळी स्वतंत्र गाठ असते, एक कापली तरी बाकीच्या जागच्या हलत नाहीत. विहीणबाईंनी आमचा मान राखायचा म्हणून अहेराची झाडून सगळी गाठोडी त्याच टाक्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून आणली होती. बोट घालायला फट नाही! असला घोळ तंबूवाल्यांच्या सोयरिकीतच व्हायचा.

"पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, की फाटकावर तपासणी होते?" सूनबाईने विचारलं.

थोरल्याने मान खाली घातली. त्याला मी जन्म दिलाय, त्याची मान कशासाठी खाली जाते ते मला त्याच्या आधी कळतं. यानेच फोनवर मोठेपणा केला होता. माझा पोरगाच आहे फाटकावर, तुम्ही खुशाल या, तुम्हाला कोण विचारतंय!

"आता विहीणबाई गाठोड्यावर बसल्या आहेत," तो म्हणाला. "म्हणतात, सोयरे म्हणून आत घ्यायचं असेल तर घ्या, चोर म्हणून घ्यायचं असेल तर आम्ही इथूनच परत जातो. लग्न मोडतंय, आई!"

सूनबाई बिचारीची दोन्हीकडून ओढाताण. लेकीची बाजू घेतली तर लेक हातचा जातो, लेकाची घेतली तर लेकीचं लग्न. "त्याला एक दिवस रजा घ्यायला काय झालं होतं?" एवढंच ती म्हणाली.

"दुसरा अधिकारी तापाने पडलाय ना," थोरला म्हणाला.

एवढ्यात माझी लेक आतून आली. शाळेत शिकवते, म्हणून तिला घरात सगळे मास्तरीणच म्हणतात. तिला तर आयता विषयच मिळाला. "मी गेली कित्येक वर्षं घसा फोडून सांगतेय. दोन्हीकडे माणसंच राहतात. त्यांचं बोलणं आपल्याला कळतं, आपलं त्यांना कळतं. मग मधे तो बांबू कशाला हवा? फाटक नसतं तर आज वऱ्हाड केव्हाच जेवून मोकळं झालं असतं."

"अगदी बरोबर!" थोरला म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. जन्मात कधी बहिणीशी त्याचं पटलेलं नाही. "काढून टाकायला पाहिजे ते फाटक."

"काढ की," मी म्हटलं. "फाटक काढ, टेकडीवरची फौज घरी पाठव. आणि उद्यापासून तुझे तंबू तुझ्या बहिणीला विक. वर्गात उभारेल ती."

"आई, चेष्टा नको करूस," मास्तरीण म्हणाली. "माझ्या वर्गाचं छप्पर गळतं, आणि टेकडीवर दरसाल नवे तंबू जातात. मला हे बघवत नाही."

"छप्पर गळतं ते मला आजवर का नाही सांगितलंस? उद्या माणसं पाठवून ताडपत्री घालून देते. पण त्या छपराखाली बसायला पोरं जागेवर राहायला हवीत ना? तू कडेवर होतीस तेव्हाची सकाळ तुला आठवत नाही. मला आठवते."

ती सकाळ सगळ्यांना ऐकून पाठ आहे. तेव्हा टेकडीवर आमचेच तंबू उभे होते, झेंडा होता, सकाळ-संध्याकाळ धूर निघायचा. ते बघून गाव निर्धास्त झोपायचं. त्या तंबूंत एकही शिपाई नव्हता, हे आम्हाला पलीकडचे चालून आल्यावर कळलं. वरच्या कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं होतं, की खर्च वाचवायचा, शिपाई काढून घ्यायचे आणि धूर करायला एक आचारी ठेवायचा. शिवणघर पेटलं. माझे सासरे मशीन बाहेर काढायला आत गेले ते परत आले नाहीत. मी दोन लेकरं घेऊन ओढ्यात बसून राहिले.

"टेम्पो काढ," मी थोरल्याला म्हटलं. "आणि माझी मोठी कात्री घे."

"म्हणजे तू त्याला समजावणार ना?"

"कान पिळणार आहे त्याचा. चल."

नवरीला मात्र कुणी काही सांगितलंच नाही. तिने आतल्या खोलीत बसून सगळं ऐकलं होतं. तिने नंतर मला सांगितलं, तिला भावाचा राग अजिबात आला नाही. तो असाच वागणार हे तिला ठाऊक होतं. लपाछपीत तो कधी बोटांच्या फटीतून बघायचा नाही, आणि दुसऱ्या कुणी बघितलं तर राज्य त्याच्यावरच द्यायचा. तिला राग आला तो आमचा, की टेम्पो भरून सगळे गेले आणि जिचं लग्न तिलाच विसरून गेले.

फाटकावर पोचलो तर ऊन चांगलंच तापलेलं. पलीकडे रस्त्याच्या कडेला वऱ्हाड बसलेलं, वाजंत्री वाद्यं मांडीवर घेऊन गप्प. नवरदेव चुळबूळ करत उभा. विहीणबाई गाठोड्यावर अशा बसल्या होत्या की खाली अंडी उबवताहेत असं वाटावं. आणि आडव्या बांबूपाशी आमचा गुंडी, ताठ, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"गुंड्या!" मी हाक मारली. त्याचे दोन शिपाई चमकले. एकाने हसू दाबलं.

"आजी, रेषेच्या अलीकडे थांब," तो म्हणाला.

"तुला न्हाऊ घातलंय मी. मला रेषा दाखवतोस?"

"दाखवतो. ती पांढरी, तुझ्या पायाशी."

मी थांबले. म्हटलं, ऐकून तर घेऊ. थोरला मागून फुरफुरत होता. गुंडीने बापाकडे बघितलंही नाही. त्या पोराच्या मनात काय चाललं असेल ते मला त्याच्या कोरड्या ओठांवरून कळत होतं. पाण्याची बाटली शेजारी होती, पण वऱ्हाड उन्हात बसलंय म्हणून हा पाणी प्यायला नव्हता. विहीणबाईंनी पुढे केलेला सरबताचा पेलाही तसाच कट्ट्यावर. तो घेतला असता तर सोयरा झाला असता, आणि आता त्याला सोयरा होऊन चालणार नव्हतं.

"आजी," तो हळू म्हणाला, "आज मी बहिणीसाठी डोळे मिटले तर पुढच्या आठवड्यात हा शिपाई मेव्हण्यासाठी मिटेल. त्याला मी कोणत्या तोंडाने बोलू? मग उरेल तो नुसता रंगवलेला बांबू. मागे तंबू उभे होते ना, रिकामे? तसंच."

कान पिळायला उचललेला हात तसाच पदराने घाम पुसायला गेला.

मग तो विहीणबाईंकडे वळला. "मावशी, मी तुम्हाला चोर समजत नाही. तुम्ही माझ्या ओळखीवर आत आलात तर सगळा जन्म लोक म्हणतील, भाऊ होता म्हणून आल्या. तपासून आलात तर हक्काने याल. मला तुम्ही हक्काने यायला हव्या आहात."

विहीणबाई विरघळल्या, पण उठेनात. "अरे, पण उघडायची कशी? तुझ्या आजीचा टाका आहे हा. मला स्वतःला उघडता येत नाही!"

एक शिपाई सुरी घेऊन पुढे झाला. "हात लावू नकोस!" मी ओरडले. "कापड फाडशील. माझा टाका आहे, मीच कापणार. गुंड्या, आता तरी येऊ दे मला."

"तपासणीच्या टेबलापर्यंत ये," तो म्हणाला.

शेडमधल्या लांब टेबलावर एकेक गाठोडं आलं. मी कात्री घेतली आणि गाठीमागून गाठ कापत गेले. विहीणबाई शेजारी उभ्या राहून दोरे ओढत होत्या. "किती घट्ट घातल्यात गाठी!" मी म्हटलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, सैल टाका घालणाऱ्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये."

"एवढं मनावर घ्यायचं का पण?"

त्या हसल्या, मी हसले, आणि रस्त्याच्या कडेला बसलेलं वऱ्हाडही हसलं. गोधड्या निघाल्या, भांडी निघाली, थोरल्यासाठी कोट निघाला. तो त्याने तिथेच घालून बघितला आणि त्याचा राग अर्धा उतरला. शेवटच्या गाठोड्यात एका जुन्या मफलरमध्ये काहीतरी जड होतं. गुंडीने सोडलं. आत दुर्बीण होती. फौजेची, पलीकडच्या फौजेचा शिक्का असलेली.

थोरला कोटासकट टेम्पोच्या मागे सरकला. मास्तरीण पुटपुटली, "झालं आता."

"ही कुणाची?" गुंडीने विचारलं. आवाजात सोयरेपण नव्हतंच.

नवरदेवाचे आजोबा काठी टेकत पुढे आले. "माझी. फौजेतून निघताना मिळाली होती. तुलाच द्यायला आणली, पोरा."

"आजोबा, ही आत नेता येत नाही."

"नको नेऊस. इथेच ठेव तुझ्या चौकीत. पोचली म्हणजे झालं."

"तुम्ही हिच्यातून काय बघायचात?"

"तुमची टेकडी. दुसरं काय होतं आमच्यासमोर बघण्यासारखं?" म्हाताऱ्याने काठीने वर दाखवलं. "वर्षानुवर्षं बघितली. तुमचे शिपाई तिथे भरलेले असायचे तोवर आम्ही सुखात होतो. पत्ते खेळायचो, चौकीमागे भाजी लावली होती. एका सकाळी बघतो तर तंबू तेवढेच, झेंडा तोच, धूरही निघतोय. पण दोरीवर कपडे नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. इतके गडी राहत असतील तर निदान मोजे तरी वाळत पडतील ना?"

मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"मी वर कळवलं," तो म्हणाला. "ते माझं कामच होतं. वाटलं, शाबासकी देतील आणि विसरून जातील. पण ज्यांना या टेकडीचा पत्ताही ठाऊक नव्हता, त्यांना ती एकाएकी आपली वाटायला लागली. मोकळी पडलीय ना, मग घ्या! आम्ही आलो. मग तुमची फौज परत आली. टेकडीवर बसलेली आमची पोरं तिथेच राहिली. माझा धाकटा भाऊ त्यांच्यात होता." त्याने नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या तंबूंत तुमची माणसं असती तर आम्ही पत्तेच खेळत बसलो असतो. आज याच्या लग्नात तो माझ्यापेक्षा जास्त नाचला असता."

सूनबाई माझ्याकडे बघत होती, विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. लग्न आता माझ्या जिभेवर येऊन थांबलंय हे मलाही कळत होतं. आणि माझी जीभ कशी आहे ते सगळ्यांना माहीत.

"माझे सासरे त्या सकाळी गेले," मी म्हटलं.

"गावात कुणीतरी गेलं, एवढं ऐकलं होतं. ते तुमच्या घरातले, हे सोयरीक ठरल्यावर कळलं. तेव्हापासून झोप नाही. तोंड लपवून बसणार होतो घरी. ही आमची सून म्हणाली, गाठोडी शिवायच्या आत काय ठेवायचं ते ठेवा. मी ही ठेवली."

शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "आणि माझे तंबू? त्यांचं काय केलंत?"

"तुमची फौज परत यायच्या आधीच खाली नेले," म्हातारा म्हणाला. "पुढे कितीतरी पावसाळे त्यांत राहिलो. एक थेंब गळला नाही, बाई."

आता मी हसावं की रडावं? "गळतील कसे?" मी म्हटलं. "दोरा मेणातून दोनदा काढायची मी!"

आधी नवरदेव फिसकन हसला, मग विहीणबाई, मग म्हातारा डोळे पुसत. पुढे कोण कुणाच्या गळ्यात पडलं ते मला सांगता यायचं नाही. थोरला टेम्पोमागून बाहेर आला. मास्तरीण मात्र टेकडीकडे बघत उभी होती. वर आमच्या शिपायांचे बनियन, चड्ड्या, मोजे रांगेने वाऱ्यावर फडफडत होते.

"आजोबा," ती म्हणाली, "पण दोन्हीकडच्यांनी मिळून एकाच वेळी खाली उतरायचं ठरवलं तर?"

"ठरवा की, बाई," म्हातारा म्हणाला. "मी पहिला टाळ्या वाजवीन. पण ठरेपर्यंत कपडे वाळत घालत राहा."

तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही. माझी लेक आहे, एका दुपारीत तिला कुणी पटवून दाखवावं. पण तिने म्हाताऱ्याला हात धरून खुर्चीवर बसवलं, आणि दोघं पुढे तासभर भांडत होते, मोठ्या आनंदाने.

तेवढ्यात स्कूटर आली. चालवत होती नवरी, लग्नाच्या कपड्यांत. मागे नोंदणी अधिकारी, एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने ते मोठं बुक छातीशी धरून.

"तुमच्या भानगडी मिटल्या असतील तर मी लग्न करू का?" ती म्हणाली. "घरी जायला वेळ नाही. इथेच लावा."

"इथे? तपासणीच्या टेबलावर?" थोरला ओरडला. "लोक काय म्हणतील!"

"लोक सगळे इथेच आहेत, बाबा. विचारा त्यांना."

मग काय! टेबलावर विहीणबाईंच्या गोधड्या अंथरल्या. टेम्पो घरी जाऊन जेवण घेऊन आला आणि अहेराच्या नव्या कोऱ्या भांड्यांतूनच ते वाढलं. वाजंत्र्यांनी आवळून धरलेला श्वास एकदम वाद्यांत सोडला. नोंदणी अधिकाऱ्याने विचारलं, मुलीकडून साक्षीला कोण?

"दादा," नवरी म्हणाली.

गुंडी बांबूपासून हलेना. शेवटी त्याचा शिपाई म्हणाला, "साहेब, मी उभा राहतो. तुम्ही जा." गुंडीने त्याला रीतसर जागा सोपवली, सलाम केला, सलाम घेतला, आणि मग चार पावलांत तो अधिकाऱ्याचा आमचा पोरगा झाला. त्याने सही केली. नवरीने त्याला तो कधीचा कट्ट्यावरचा सरबताचा पेला दिला. गरम झालेलं ते सरबत त्याने एका घोटात संपवलं, आणि बापाने पाठीवर असा धपाटा घातला की अर्धं नाकातून आलं. बापलेकांचं भांडण आमच्याकडे असंच मिटतं. मग तो नाचला. मोजकंच, पण नाचला. आणि लगेच जाऊन बांबूपाशी उभा राहिला.

ऊन उतरलं. फाटक मिटायची वेळ झाली. नवरी माझ्या गळ्यात पडली ती सुटेना, म्हणून मी तिला धरून चालत राहिले, चालत राहिले, तिच्या पलीकडच्या गाडीपर्यंत. तिला आत बसवलं. विहीणबाईंनी घाईघाईने माझ्या हातात एक कापडी पिशवी कोंबली, "घरी गेल्यावर बघा" म्हणाल्या, आणि गाड्या हलल्या. वाजंत्री वळणापलीकडे गेली तरी ऐकू येत होती. मी डोळे पुसले आणि मागे फिरले.

बांबू आडवा होता. पलीकडे माझं घरदार उभं होतं आणि मधे गुंडी.

"उचल तो," मी म्हटलं. "पाय दुखताहेत."

"आजी, कुठून आलीस?"

"म्हणजे? तुझ्या डोळ्यांदेखत गेले ना!"

"गेलीस. रेषेपलीकडून परत येतेयस. पिशवी उघडावी लागेल."

थोरला मागून "अरे मूर्खा!" म्हणून ओरडला. सूनबाईने कपाळावर हात मारला. दोन्ही शिपाई बुटांकडे बघायला लागले. गुंडी मात्र माझ्याकडेच बघत होता. कान लालभडक, पण नजर हलली नाही.

सबंध आयुष्यात माझ्या पिशवीत कुणी डोकावलेलं नाही. नवऱ्याची छाती झाली नव्हती. मी सरळ टेबलापाशी गेले, पिशवी ठेवली आणि तोंड उघडून त्याच्यासमोर धरली.

"नुसतं वरवर नको," मी म्हटलं. "तळाशी हात घालून बघ."